काकू, त्यांनी माझा नावाडीच पळवला!

टेबलाभोवती बसून खेळायच्या रोल-प्लेइंग गेमविषयी वाचकांच्या प्रश्नांना या सदरात मी उत्तरं देते. ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. एक जण गेम मास्टर होतो आणि जग उभं करतो, बाकीचे त्या जगातलं एकेक पात्र होतात. ‘मी असं करतो’ म्हणायचं, आणि जमेल की नाही याची शंका असेल तिथे फासा टाकायचा. नाशिकला रविवार कारंज्याजवळ माझं औषधांचं दुकान आहे. शनिवारी रात्री साडेआठला शटर ओढलं की वरच्या माळ्यावर सतरंजी पडते आणि आमचा खेळ सुरू होतो. या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बहुतेक एकाच दुखण्याची होती, म्हणून ती एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : काकू, नमस्कार. मी इंदिरानगरला राहतो, अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात आहे. वय 24. माझ्या टेबलावर पाच जण आहेत, सगळे कॉलेजचे मित्र. पावसाळ्यात तीन महिने बसून मी कॅम्पेन, म्हणजे बऱ्याच सेशनमध्ये (बैठकांमध्ये) चालणारी मोठी कथा, लिहिलं. आपल्या गोदाघाटासारखं नदीकाठचं जुनं शहर. तिथे एक सावकार, त्याच्या वाड्याखाली भुयार, भुयारात बारा खोल्या, प्रत्येक खोलीत एक कोडं. बाराही खोल्या ग्राफपेपरवर काढल्या. पहिल्या सेशनला त्यांनी नदी ओलांडून वाड्यात शिरायचं, एवढंच ठरलेलं. नदी ओलांडायला नाव लागणार म्हणून मी जागच्या जागी एक नावाडी उभा केला. एकाने त्याचं नाव विचारलं. मी म्हटलं, गोविंदा. दुसऱ्याने विचारलं, याचं तोंड का उतरलंय? माझ्या तोंडून निघून गेलं, सावकाराचं कर्ज आहे. झालं! पुढचे तीन तास कुणी वाड्याकडे फिरकलं नाही. घाटावरचे सगळे नावाडी गोळा केले, संप पुकारला, सावकाराच्या खतावण्या जाळायचं ठरवलं. सावकाराचा मुकादम आडवा आला, तर त्याला समजावायला पाचही जणांनी वीस पृष्ठांचे फासे टाकले. एकाला 20 पडले आणि मुकादम म्हणे आमच्या बाजूला! मी वैतागलो. म्हटलं, नदीला अचानक पूर आला, नावा वाहून गेल्या, आता वाड्यातूनच वाट आहे. सगळे गप्प झाले. माझा जिवलग मित्र म्हणाला, “मग आम्ही फासे टाकायचे कशाला?” त्यानंतरच्या दोन्ही शनिवारी कुणाला ना कुणाला काम निघालं. त्यांना परत मूळ कथेवर कसं आणू?

— एक गेम मास्टर, इंदिरानगर

उत्तर : तुझ्या मित्राचा प्रश्न आधी घेते, तुझा नंतर. फासा टाकला की त्याचं फळ टेबलावरच्या सगळ्यांना बांधून घेतं, गेम मास्टरलाही. ते मानायची तयारी नसेल तर फासा हातात द्यायचाच नाही. तू फासे टाकू दिलेस, 20 मान्य केलेस, मुकादम त्यांच्या बाजूला गेला असं तोंडाने सांगितलंस, आणि मग नदीचं पाणी आणून सगळं पुसून टाकलंस. ते रुसले यात मला नवल वाटत नाही.

ते कथा सोडून गेले असं तुला वाटतं. मी तुझं पत्र दुकानात बसून दोनदा वाचलं आणि मला तसं दिसत नाही. कर्जात बुडालेला नावाडी तूच दिलास. त्याचं उतरलेलं तोंड, सावकाराचं नाव, दोन्ही तुझ्याच तोंडून आलं. त्यांनी ते ऐकलं, मनावर घेतलं आणि थेट तुझ्या खलनायकावर चाल केली. पाच मित्र एका कल्पनेतल्या नावाड्यासाठी तीन तास भांडले, बाळा. माझ्या माळ्यावर असं झालं असतं तर त्या रात्री मला आनंदाने झोप लागली नसती.

हा सगळा खेळच एका बिघडलेल्या बेतातून जन्माला आला आहे, हे तुला ठाऊक असावं म्हणून सांगते. 1969 मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात डेव्हिड वेस्ली नावाच्या तरुणाने युद्धखेळ खेळणाऱ्या मित्रांसाठी एक डाव मांडला. नेपोलियनचा काळ, ब्राउनस्टाइन नावाचं कल्पनेतलं जर्मन गाव, आणि त्यावर चालून येणाऱ्या फौजा. यात त्याने एक नवी गोष्ट केली. फौजांच्या सेनापतींबरोबर गावातल्या माणसांच्या भूमिकाही त्याने खेळाडूंना वाटल्या. लढाई राहिली बाजूला. जो तो आपापल्या भूमिकेत शिरून गावभर हिंडू लागला, कोपऱ्यात जाऊन कट करू लागला. दोघे तर येऊन म्हणाले, आम्हाला द्वंद्वयुद्ध करायचंय. त्याचे नियम वेस्लीकडे नव्हते, ते त्याने तिथल्या तिथे रचले. डाव पार फसला असं समजून तो खट्टू झाला होता. खेळाडू मात्र पुन्हा खेळू या म्हणून मागे लागले. त्याच मंडळातल्या डेव्ह आर्नेसनने ती कल्पना पुढे नेली, आणि आर्नेसन व गॅरी गायगॅक्स यांच्या नावाने 1974 मध्ये डंजन्स अँड ड्रॅगन्स हा या जातीचा पहिला खेळ छापून आला. तुझ्या घाटावर संप झाला तेव्हा तू त्या वेस्लीच्या जागी उभा होतास.

आपल्याकडे तमाशातला वग याच रीतीने उभा राहायचा. कथेचा सांगाडा ठरलेला, कोण कधी येणार ते ठरलेलं, पण संवाद फडावर उभं राहून सुचतील तसे. समोरच्याने नवा शब्द टाकला की तो उचलून पुढे न्यायचा. सोंगाड्याने राजाची गाडी भलतीकडे वळवली म्हणून राजा खेळ थांबवत नसे.

आता पुराचं बोलते, कारण आपण नाशिककर आहोत आणि पूर कसा येतो हे आपल्याला कुणी शिकवायला नको. गंगापूर धरणातून विसर्ग वाढवल्याची बातमी येते. घाटावरचे विक्रेते हातगाड्या वर ओढायला लागतात. आणि माणसं नदीतला दुतोंड्या मारुती बघायला निघतात, त्याच्या मूर्तीवर पाणी कुठवर चढलं त्यावरून आपण पूर मोजतो. पायांना पाणी लागलं, गुडघ्याला आलं, कमरेला आलं, छातीला आलं, अशी बातमी घरोघर फिरते. पाणी चढताना सगळं गाव ते बघत असतं. तुझा पूर कुणाला न दिसता, खेळाडू नको तिकडे वळले त्या क्षणी आला. म्हणून तो त्यांना पूर वाटला नाही, तुझा राग वाटला.

पण तुझ्या शहरात पूर असूच नये असं मी म्हणणार नाही. उलट मला तो हवाच आहे. घाटावर तसाच एक मारुती उभा कर आणि एका कागदावर त्याच्या खुणा लिहून ठेव. खेळातल्या दर रात्री पाणी एक खूण वर चढेल. पायाला पाणी लागलं : घाटावरचा बाजार उठला. गुडघ्याला : नावाड्यांचा धंदा बसला, आता संप केला काय नि न केला काय. कमरेला : सावकाराच्या तळघरात पाणी शिरलं, त्याला खतावण्या माडीवर हलवायला लागल्या, म्हणजे त्या एका रात्री वाड्यातून पेट्या उघड्यावर निघणार. छातीला : भुयाराचं घाटाकडचं तोंड बुडालं. गळ्याला : अर्धं शहर चढाच्या बाजूला पळतंय. खेळाडू वाड्यात गेले काय, नावाड्याच्या झोपडीत बसले काय, पाणी त्याच चालीने चढतं. पहिल्या रात्रीच त्यांना मारुती दाखव, म्हणजे त्यांनी उशीर केला तर तो त्यांनी समजून केलेला असेल.

मला स्वतःला हे शिकायला दोन वर्षं लागली. माझा मुलगा 2015 मध्ये सुट्टीला येताना डंजन्स अँड ड्रॅगन्सचा स्टार्टर सेट घेऊन आला. तो परदेशी गेला, त्याचे मित्र आणि गल्लीतली माणसं माझ्याकडे खेळायला येत राहिली. 2017 मध्ये मी नाशिकजवळच्या रामशेज किल्ल्यावर कॅम्पेन लिहिलं. 1682 मध्ये मोगलांनी या किल्ल्याला वेढा घातला आणि मूठभर माणसांनी तो कित्येक वर्षं झुंजवला. तोफा कमी म्हणून लाकडाच्या केल्या आणि त्यांना कातडं मढवलं, ही गोष्ट आपल्याकडे पोरंसोरंही सांगतात. मी पायथ्याच्या आशेवाडीहून दोनदा किल्ला चढून आले, पाण्याची टाकी, कडे, दरवाजे वहीत उतरवले. बेत असा होता : गडावरचं धान्य संपत आलंय, खेळाडूंनी रात्री कड्यावरून दोर सोडून उतरायचं, वेढ्यातून निसटायचं, धान्य आणायचं. उतरण्याचे तीन मार्ग, प्रत्येकावर वेगळा धोका. एक अख्खी वही.

आमच्यात एक रिक्षावाले दादा खेळतात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “काकू, एवढ्या मोठ्या छावणीला रोज जेवायला कोण घालतं?” मी म्हटलं, आचारी असतील, बाजार असेल. “मग आम्ही भाजी घेऊन छावणीत जातो. विकायला.” बाकीच्या चौघांचे डोळे चमकले. माझ्या वहीत छावणीचं एक पानसुद्धा नव्हतं.

माझ्या मनात नाही म्हणायचं आलं होतं. मी चहा ठेवते म्हणून उठले. पंधरा मिनिटं मिळाली. दुकानातली गोळ्यांची रिकामी खोकी मी फाडून ठेवते, आतली पांढरी बाजू लिहायला छान असते. त्यावर तीन ओळी लिहिल्या. खानाला किल्ला पावसाच्या आत हवाय. मुदपाकखान्याच्या आचाऱ्याला घरी जायची परवानगी हवीये. घोड्यांच्या दारोग्याला चारा हवाय आणि तो मिळत नाहीये. एवढंच. त्या तीन ओळींवर आमची पाच सेशन चालली. धान्य शेवटी गडावर पोचलं, मोगलांच्याच बाजारातून विकत घेतलेलं, दारोग्याच्याच बैलांवर लादून. माझ्या वहीतल्या तीन मार्गांपैकी एकही वापरला गेला नाही, आणि ते दादा अजूनही त्या बैलांच्या आठवणी काढतात.

तेव्हापासून मी घटना लिहिणं सोडलं. ‘मग खेळाडू वाड्यात शिरतील’ असं वाक्य माझ्या वहीत आता सापडणार नाही. महत्त्वाच्या प्रत्येक माणसासाठी खोक्याचा एक तुकडा, त्यावर तीन गोष्टी : त्याला काय हवंय, कुणी आडवं आलं नाही तर येत्या आठ दिवसांत तो काय करेल, आणि त्याला भीती कशाची आहे. तुझ्या सावकाराचा तुकडा मला लिहून दाखव. त्याला भुयारातलं काय हवंय हे तुला नक्की माहीत असेल. पण नावाड्यांनी संप केला तर त्याचं काय अडतं, हे ठरवलंयस का? मीठ येत नसेल, वसुली थांबत असेल, पलीकडच्या काठावरच्या कुणाला तरी तो दर पौर्णिमेला भेटायला जात असेल. ते सापडलं की संपाने तुझी कथा मोडत नाही, तिला तोंड फुटतं. आणखी एक कागद नुसत्या नावांचा ठेव. वीस पुरुषांची, वीस बायकांची, सोबत एकेक खोड किंवा लकब. नावाडी पुन्हा विचारला जाणार आहे.

राहिल्या बारा खोल्या. तीन महिन्यांची मेहनत आहे आणि ती वाया गेल्याचं दुःख खरं आहे, मी ते हलकं धरत नाही. इथे मला जोगलटेंभीची नाणी आठवतात. 1906 मध्ये गोदावरी-दारणा संगमाजवळच्या या गावात चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, 13,000 हून जास्त नाणी. ती क्षहरात घराण्यातल्या नहपान राजाची. त्यातल्या 9,000 हून जास्त नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला आहे. नहपानाला हरवल्यावर त्याची चांदी वितळवत न बसता त्याने त्याच नाण्यावर आपलं डोंगराचं चिन्ह ठोकलं आणि नाणं बाजारात सोडलं. अशा नाण्याचा मोठा केलेला फोटो मी पाहिला आहे. नव्या छापाखाली जुन्या राजाचा चेहरा अजून कळतो.

खेळाडूंनी हरवलेला बेत मी तसाच वापरते. रामशेजच्या वहीत एक म्हातारा कोठावळा होता, धान्याचा हिशेब ठेवणारा, मनात एक गुपित बाळगून असलेला. खेळाडू छावणीत गेले आणि त्याची भेटच होईना. मी त्याला आचाऱ्याचा थोरला भाऊ केलं. गुपित तेच, बोलण्याची ढब तीच, छाप नवा. तुझ्या बारा खोल्यांतल्या तीन काढ. एक कोडं खतावण्यांच्या पेटीच्या कुलपाला लाव. एक खोली घाटाच्या पायऱ्यांखाली आण, जी फक्त जुन्या नावाड्यांना माहीत आहे. एक मुकादमाच्या घरी, कारण सावकाराची एक किल्ली त्याच्याकडे असणार. बाकीच्या नऊ फाइलला लाव, पुढच्या वर्षी कामी येतील.

पण एक मर्यादा पाळ, आणि ही मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. खेळाडूंना माहीत नसलेली गोष्ट हवी तिथे हलव. त्यांनी जाणून टाळलेली गोष्ट त्यांच्या पुढ्यात आणून ठेवू नकोस. त्यांनी चौकशी केली, डावीकडच्या रस्त्यावर दरोडेखोर आहेत असं कळलं, म्हणून ते उजवीकडून गेले, आणि तू ते दरोडेखोर उजवीकडे आणलेस, तर त्यांनी केलेल्या चौकशीला काही मोल उरलं नाही. पुष्कळ गेम मास्टर म्हणतात, खेळाडूंना कळत नाही ना, मग काय बिघडलं? कळतं. एकदा नाही, तिसऱ्यांदा कळतं, आणि मग कुणी चौकशी करायचं सोडून देतं.

मुकादमाचं तेवढं सांगते, तिथे तू उगाच जास्त दिलंस. वीस पृष्ठांच्या फाशावर 20 पडण्याची शक्यता शेकडा 5. पाच जणांनी पाच फासे टाकले तर त्यातल्या एकाला तरी 20 पडण्याची शक्यता शेकडा जवळपास 23 होते. म्हणजे जवळजवळ दर चौथ्या वेळी चमत्कार. समजावायचं काम एकाने करावं, दुसऱ्याने काही खरीखुरी मदत केली तर पहिल्याला दोन फासे टाकून मोठा आकडा धरू द्यावा, बाकीच्यांनी ऐकावं. शिवाय डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या 2014 च्या पाचव्या आवृत्तीत 20 पडले की हमखास यश हा नियम हल्ल्याच्या फाशाला आहे, समजावण्याच्या फाशाला नाही. आणि फासा हातातून सुटायच्या आधी तू मोठ्याने सांगायचं की जमलं तर काय होईल. “खूप चांगला पडला तर तो आजची रात्र डोळेझाक करेल.” त्याचं कुटुंब सावकाराच्या आश्रयाला आहे, एका भाषणाने तो धनी बदलणार नाही, हे खेळाडूंनाही पटतं.

आता तो त्यांच्या बाजूला गेलाय तर जाऊ दे. दिलेलं परत घेऊ नकोस. सावकाराला ते कळायला किती दिवस लागतील तेवढं ठरव.

या शनिवारच्या आधी ग्रुपवर लिही : “मागच्या वेळी पूर मी चुकीचा आणला. तो झाला नाही असं धरू. नावा घाटावर आहेत, गोविंदा तुमची वाट बघतोय, मुकादम तुमच्या बाजूला आहे. तिथून सुरू करू.” जिवलग मित्राला वेगळा फोन कर. आणि सेशन संपताना, लोक चपला घालत असताना नाही, त्याच्या दहा मिनिटं आधी विचार : पुढच्या वेळी तुम्ही कुठे जाणार? ते सांगतील तेवढंच तयार कर. माझी तयारी तीन महिन्यांवरून गुरुवारच्या एका संध्याकाळवर आली ती या एका प्रश्नामुळे.

प्रश्न : आमच्या टेबलावर एक जण दर वेळी दुकानदाराला मारतो, सोबत्यांच्याच थैल्या चोरतो, आणि कुणी बोललं की म्हणतो, “माझं कॅरेक्टरच असं आहे.” आमच्या जीएमचं (गेम मास्टरचं) म्हणणं, खेळाडूंना स्वातंत्र्य द्यायला हवं. मला आता यायला नको वाटतं. मी चुकतेय का?

— एक खेळाडू, नाशिकरोड

उत्तर : तुम्ही चुकत नाही आहात. वरच्या पत्रातल्या मित्रांनी गेम मास्टरचा बेत मोडला, पण पाचही जण मिळून, आणि पाचांनाही त्यात मजा आली. तुमच्याकडे एक जण मजा घेतो आणि चौघे त्याची किंमत भरतात. ते कॅरेक्टर त्यानेच बनवलंय, त्यामुळे ते कसं वागेल हेही तोच ठरवतो. ही सबब मला कधीच मान्य झालेली नाही.

खेळातल्या शिक्षेने हे सुटत नाही. शिपाई पाठवले, तुरुंगात टाकलं, की सगळं सेशन त्याच्याभोवती फिरतं आणि त्याला तेच हवं असतं. जीएमने त्याला खेळाबाहेर, एकट्याला, चहाच्या टपरीवर गाठून सरळ सांगावं की बाकीच्यांना याचा त्रास होतोय. तुम्हीही जीएमला तुमचं ‘यायला नको वाटतं’ हे वाक्य याच शब्दांत सांगा, त्याला ते बहुधा ठाऊकच नाही. माझ्याकडे नवीन कॅम्पेनच्या आधी एक संध्याकाळ फासे न काढता बसतो. सोबत्यावर हात उचलायचा का, चोरी चालेल का, कुठले विषय टेबलावर नकोत, सगळं तेव्हाच बोलून घेतो. ती संध्याकाळ तुमच्याकडे राहून गेली असेल तर मधूनही घेता येते. बोलूनही तो बदलला नाही तर त्याच्याशिवाय खेळा.

प्रश्न : माझा 13 वर्षांचा मुलगा मित्रांना हा खेळ खेळवतो. त्याने राजकन्येची मोठी गोष्ट लिहिली होती, दोन वह्या भरून. मित्रांनी पहिल्याच दिवशी राजकन्येला सोडवायचं सोडून तिच्या राज्यात पतंगांचा कारखाना काढला. तो रात्री रडला. हा खेळ बंद करू का?

— एक आई, देवळाली कॅम्प

उत्तर : बंद करू नका. त्याच्या दोन वह्या वाचल्यात का? नसतील तर आज मागून घ्या आणि त्याच्यासमोर बसून वाचा. त्याला ती गोष्ट कुणाला तरी पूर्ण सांगायची होती आणि ते राहून गेलंय. त्याला सांगा, ही गोष्ट कथा म्हणून लिहून काढ, तिच्यातली राजकन्या तुझी आहे, तिला कुणी हात लावणार नाही. आणि मित्रांबरोबरच्या खेळासाठी वेगळी वही घे, तिच्यात अर्धी पानं कोरी ठेव.

दोन्हीची भूक वेगळी असते हे मलाही मोठेपणी कळलं. तेराव्या वर्षी मित्रांसमोर दोन वह्या उघडायला धीर लागतो, हे त्याला ऐकवाच. मग एखाद्या दिवशी सहज विचारा, राजकन्येला पतंग उडवता येतो का?

प्रश्न : मी 68 वर्षांचा, निवृत्त शिक्षक. रविवारी नातवंडांना हा खेळ खेळवतो. काल त्यांनी गुहेतल्या राक्षसाशी लढायचं नाकारलं. तो एकटा राहतो म्हणून उपाशी असेल, असं धाकटी म्हणाली आणि तिघांनी त्याच्यासाठी भाकरी भाजली. मी खेळ तिथेच थांबवला आहे. आता राक्षसाने काय करावं?

— एक आजोबा, मखमलाबाद

उत्तर : सर, त्याने भाकरी खावी. भाकरी पुढे करताना फासा मागू नका, धाकटीने योग्य ओळखलं आहे आणि ते तसंच खरं होऊ द्या. खाऊन झाल्यावर त्याला एक गोष्ट सांगू द्या, तो या गुहेत का आला आणि डोंगरापलीकडच्या दुसऱ्या गुहेत कोण आहे, ज्याला कित्येक वर्षांत कुणी भाकरी विचारलेली नाही. लढाईसाठी जे आकडे काढून ठेवले असतील ते त्या दुसऱ्याला लागू पडतील.

आणि पहिल्या घासानंतर त्याने विचारावं, ठेचा आहे का. धाकटी काय उत्तर देते ते मला जरूर कळवा.